सुपरवायझर झालो पण काम सांगता येत नाही, अर्धी रात्र मीच मशीनवर असतो

रात्रपाळी_जळगाव

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कंपनीत आहे, नाव नको. डिप्लोमा मेकॅनिकल, सात वर्षं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाईप काढायच्या मशीनवर, ऑपरेटर होतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, चांगला ऑपरेटर होतो. फेब्रुवारीत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, म्हणे उद्यापासून तू शिफ्ट इनचार्ज. पेढे वाटले, बायकोने स्टेटस ठेवलं, सासऱ्यांचा फोन आला. तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच.

माझ्याकडे तीन लाइन आणि अकरा माणसं. तीन ऑपरेटर, एक मिक्सरवाला, दोन सॉकेटिंगला (पाईपचं तोंड फुगवायला), बाकी हेल्पर आणि लोडिंगवाले. यातले नऊ जण कालपर्यंत माझ्यासोबत डबा खाणारे. लाइन एकवर नाना आहेत, वय बावन्न, चालू पाईपवरून हात फिरवून जाडी कमी-जास्त कशी ओळखायची ते मला त्यांनीच शिकवलं. आता त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की नाना, दर अर्ध्या तासाला तुकडा कापून वजन करा आणि शीटवर लिहा? सांगितलं की हसतात, ‘लिहितो रे बाळा’ म्हणतात आणि पहाटे पाच वाजता एका दमात अख्ख्या रात्रीचे आकडे भरून टाकतात, सगळे जुळ्या भावांसारखे. आणि वजन महत्त्वाचं आहे हो, पाईप जाड गेला की कंपनीचं रेझिन, म्हणजे पीव्हीसीची पावडर, फुकट जातं आणि पातळ गेला तर माल परत येतो.

दुसरं म्हणजे एक हेल्पर माझ्या साडूचा लहान भाऊ आहे. मीच लावला कामाला, माझीच अक्कल. त्याला रात्री ग्राइंडिंगला (टाकाऊ पाईप दळायला) उभं राहा म्हटलं की तो सकाळी घरी सांगतो, दुपारपर्यंत मेव्हणीचा फोन माझ्या बायकोला, आणि संध्याकाळी मी डबा घेऊन निघतो तेव्हा डब्यात नुसती भाकरी आणि ठेचा.

मग मी काय करतो, सांगत बसण्यापेक्षा करून टाकतो. हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या वरच्या नरसाळ्यात, माल मी बघतो, व्हॅक्यूम टँकचं पाणी मी बघतो, कटरची ब्लेड मीच बदलतो. शिफ्ट सातला सुटते पण रिपोर्ट, मीटिंग, डिस्पॅचवाल्यांची कटकट यात साडेनऊ होतात. दुपारी झोपायचं तर एप्रिल-मेमध्ये चव्वेचाळीस डिग्री, कूलर गरम हवा फेकतो, आणि त्यात प्रोडक्शनचा व्हॉट्सॲप ग्रुप टिंग टिंग करून राहिला.

एप्रिलमध्ये जे झालं त्याने मी हललोच. रात्री पावणेतीनला लाईट गेली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, पीव्हीसी गरम बॅरलमध्ये थांबून राहिला की जळतो, धूर असा निघतो की डोळे चुरचुरतात, आणि डायमध्ये, म्हणजे पाईपला आकार देणाऱ्या साच्यात, जळाला तर सगळी डाय उतरवून पितळी पट्टीने खरवडत बसावं लागतं, लोखंडी वापरली की पॉलिश गेलंच म्हणून समजा. जनरेटर आमच्याकडे कूलिंग आणि दिव्यांपुरता. तर लाईट गेली तेव्हा लाइन दोनचा ऑपरेटर गेटबाहेर चहाला, मी धावत लाइन दोनवर, हातमोजे घालून मीच चालू झालो. लाइन तीनकडे कोणी बघितलंच नाही. नऊ माणसं आत होती आणि नऊच्या नऊ माझ्याकडे बघत उभी होती! लाईट आली तेव्हा लाइन दोन वाचली आणि तीनची डाय काळी ठिक्कर. सहा तास बंद. सीझनचा ऐन टाइम, जूनच्या आत बागायती कापूसवाल्यांना पाईप लागतात, गाड्या गेटवर उभ्या.

सकाळी साहेब एवढंच बोलले, ‘तू ऑपरेटर आहेस का इनचार्ज, ते एकदा ठरव.’ मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. परत ऑपरेटर करा म्हणून अर्ज द्यावा असं रोज वाटतं. कोणी या फेऱ्यातून गेलंय का?

धुळेकर_सध्या_पुणे

भावा आधी अभिनंदन, तू प्रमोशनला शिक्षा समजून राहिला. मी आयटीत टीम लीड आहे, पहिलं वर्ष माझंही असंच गेलं, पोरांचा कोड रात्री मीच दुरुस्त करायचो आणि मग मॅनेजर म्हणायचा तुझ्या टीमला काहीच कसं येत नाही.

मला कामी आलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेचे एक प्रेसिडेंट होते आयझेनहॉवर, त्यांच्या नावाने चार खणांचा तक्ता चालतो. महत्त्वाचं आणि तातडीचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. आपण दिवसभर तिसऱ्या खणात मरतो, म्हणजे दुसऱ्याची घाई. दुसरा खण, शिकवणं, प्लॅनिंग, मेंटेनन्स, तो कायम रिकामा. रोज एक तास कॅलेंडरवर ब्लॉक कर, त्या वेळात कोणाचंच काही ऐकू नको. आणि ग्रुप म्यूट कर, एवढं तर आजच कर.

रात्रपाळी_जळगाव

दादा धन्यवाद, ग्रुप म्यूट केला. पण कॅलेंडर ब्लॉक केलं म्हणून एक्स्ट्रूडर थांबत नाही ना भो. आमच्याकडे रात्री तीन वाजता सगळं पहिल्याच खणात असतं.

अहिराणी_गडी

हाहाहा तुना साडूना भाऊ म्हंजे तुना साहेबना बी साहेब शे भो. त्याले काम नको सांगू, त्यालेच इचार आज काय करू ते.

भुसावळ_जंक्शन

बेटा, मी रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झालो. तुझी पोस्ट दोनदा वाचली. मला त्यात एकच वाक्य दिसलं, नऊ माणसं माझ्याकडे बघत उभी होती. ती आळशी म्हणून उभी नव्हती रे. लाईट गेल्यावर आपण कुठे पळायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आमच्या खात्यात एक पद्धत आहे, प्रायव्हेट नंबर. फाटकावरच्या गेटमनला मी फोन करतो, गाडी येतेय, गेट लाव. तो ‘हो साहेब लावलं’ म्हणाला म्हणून मी गाडी सोडत नाही. त्याच्याकडे नंबरांचा एक कागद असतो, गेट लावून कुलूप घातलं की त्यातला एक नंबर तो मला सांगतो, मी तो वहीत लिहितो आणि त्याला परत म्हणून दाखवतो. बाजूच्या स्टेशनमास्तरशीही तेच. मग तो गेटमन माझा मेव्हणा असो का माझ्या बापाच्या वयाचा असो, नंबराशिवाय गाडी नाही. यात कोणाचा अपमान होत नाही, कारण हे मी त्याला म्हणून करत नाही, सगळ्यांनाच करतो आणि मलाही लागू आहे. नियम माणसापेक्षा म्हातारा असला की सांगणाऱ्याला लाज वाटत नाही, हे मी नोकरीत पहिल्या महिन्यातच शिकलो.

तू काय म्हणत असशील ते मला इथे बसून ऐकू येतं. ‘अरे कोणीतरी हॉपर बघा रे.’ कोणीतरी नावाचा माणूस तुझ्या हजेरीत आहे का? नाही ना. शिफ्ट लागताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं कर, नाव घेऊन काम सांग, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्याकडून परत म्हणवून घे. ‘लाईट गेली तर मी लाइन तीनवर, हीटर बघतो, माल बंद करतो.’ त्याच्या तोंडून येऊ दे. पहिले चार दिवस हसतील. आमच्याकडेही नवीन पोरं हसायची.

आणि चार्ज घेताना लिहून घे. आधीच्या पाळीवाला पाठीवर हात मारून ‘सब ठीक है’ म्हणून जातो ना, त्या सब ठीकमध्येच सगळं असतं.

केळीवाली_ताई_रावेर

स्टेशनमास्तर काकांचं पटलं पण भाऊ तुमचं दुखणं थोडं वेगळं आहे असं मला वाटतं म्हणून लिहिते.

आमचं रावेर तालुक्यात केळीचं छोटं पॅकहाऊस आहे, सव्वीस बाया माझ्या हाताखाली. त्यात दोन माझ्या जावा, एक नणंद आणि एक आमच्या शाळेच्या बाईंची सून. म्हणजे साडूच्या भावाचं मला काय सांगता! केळी कापून आली की फण्या काढायच्या, चीक धुवायचा, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, आकाराने निवडायच्या, तेरा किलोचा बॉक्स भरायचा. बाहेर कंटेनर तेरा-साडेतेरा डिग्रीला लावून उभा असतो, त्याचा ड्रायव्हर दर पंधरा मिनिटांनी आत डोकावतो.

पहिल्या वर्षी मी पण तुमच्यासारखीच. बायांचे हात हळू चालतात म्हणून मीच हौदात हात घालून बसायची. मला वाटायचं मालकीण असून काम करते म्हणून बायांना बरं वाटत असेल. एकदा निर्यातीचा माल होता, मी हौदावर, आणि निवडीच्या टेबलावर कोण काय टाकतंय हे बघायला कोणीच नाही. चीक वाळलेल्या, डाग पडलेल्या फण्या आत गेल्या. व्यापाऱ्याने एकशे चाळीस बॉक्स बाजूला काढले. रात्री मी रडले आणि सासूबाई म्हणाल्या, अगं चार हात कमी होते तर पाचवी बाई लावायची होती, डोळे कमी होते ते कोण लावणार होतं?

त्या दिवसापासून हौदात हात नाही. खूप जड गेलं भाऊ. दोन-तीन बाया बोलल्या पण, आता वहिनी साहेब झाल्या. बोलू दिलं. आठ दिवसांनी थांबल्या कारण आठ दिवसांत घरी सहाला सुटायला लागल्या, आधी आठ वाजायचे.

आता नात्यातल्या माणसाचं. माझा नियम आहे, टेबलावर कोणालाच बोलायचं नाही, पाण्याच्या टाकीपाशी नेऊन बोलायचं, एकटीला. कौतुक मात्र टेबलावर, सगळ्यांसमोर, आणि नेमकं काय चांगलं केलं ते सांगून. नुसतं छान छान म्हटलं की बायांना कळतं ही गोड बोलून अजून दोन बॉक्स काढणार. आणि नवीन नियम काढला की पहिला मार आपल्या घरच्याला. सुपारी खात पॅकिंग करायची नाही असं ठरलं तेव्हा पहिल्या दिवशी नणंदेलाच घरी पाठवलं अर्ध्या रोजावर. घरी महाभारत झालं. पण बाकीच्या बायांना एक शब्द बोलावा लागला नाही.

फक्त एक, आधी तिला सांगून ठेवायचं असतं बरं का की उद्यापासून असं असं आहे आणि पहिली तू सापडलीस तर पहिली तूच. मी सांगितलं नव्हतं. ते चुकलं माझं. नणंद वर्षभर माझ्याकडे पाणी प्यायली नाही.

आणि सुट्ट्यांचं आधीच ठरवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या निम्म्या बाया माहेरी जाणार हे मला दरसाल माहिती असतं, तरी दरसाल ऐन वेळेला धावपळ व्हायची. आता पंधरा दिवस आधी विचारते, आखाजीला कोण आणि श्रावणात कानबाईच्या सणाला कोण, दोन्हीला कोणीच नाही. भांडणं त्यांची त्यांच्यात होतात, मला निकाल कळवतात.

साचेवाल्याचा_पोरगा

सगळे चांगलं बोलले पण कोणी मूळ मुद्द्याला हात घातला नाही म्हणून मी कडू बोलतो. मी अमळनेरचा. माझा बाप प्रताप मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होता. त्या काळी जॉबर म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना माहिती नाही. जॉबर माणूस कामावर घ्यायचा, जॉबर काढायचा, कोणाला चांगला साचा द्यायचा आणि कोणाला बदलीवर (कोणी गैरहजर असेल तरच काम) बसवायचं ते तोच ठरवायचा, मधे हात ओले करून घ्यायचा ते वेगळं. १९३१ साली ब्रिटिशांच्या रॉयल कमिशनने रिपोर्ट दिला त्यातपण लिहिलंय की ही सत्ता जॉबरकडून काढून घ्या, आणि बरोबरच होतं ते, लुटत होते लोकांना. हे सांगायचं कारण की जॉबरला ‘काम कसं सांगू’ असा प्रश्न कधी पडला नाही. त्याच्या हातात काहीतरी होतं.

तुझ्या हातात काय आहे? एक दिवसाची रजा तू मंजूर करू शकतो का? कोणाला ओव्हरटाइम द्यायचा ते तू लिहितो का एचआर? लाइन कोणाला कोणती हे तू बदलू शकतो का? तीनही उत्तरं नाही असतील तर तुला इनचार्ज केलेलं नाही, शिव्या खायला एक माणूस ठेवलेला आहे. वाईट वाटून घेऊ नको.

अजून एक, पगारपत्रक काढ आणि बघ. फॅक्टरी कायदा १९४८ चा, तेव्हापासून आठवड्याला ४८ तासांच्या वर काम म्हणजे दुप्पट दराने पैसे. कंपन्यांची जुनी खोड आहे, चांगला ऑपरेटर बघायचा, त्याला इनचार्ज म्हणायचं, दोन-अडीच हजार वाढवायचे आणि तू आता सुपरव्हिजनमध्ये म्हणून ओव्हरटाइम बंद. हातात आधीपेक्षा कमी. पण कायद्यात नुसतं पदाचं नाव बघत नाहीत, खरं काम काय करतोस तेही बघतात. आणि तू तर तुझ्याच शब्दात अर्धी रात्र मशीनवर.

भुसावळ_जंक्शन

साचेवाल्याचा पोरगा, तुमचं ओव्हरटाइमचं बरोबर आहे, त्याने ते बघावंच. पण सत्ता नाही म्हणून काम सांगता येत नाही हे मला मान्य नाही. मला कोणाची एक रुपया पगारवाढ करता येत नव्हती. रजासुद्धा वरून यायची. तरी माझ्या स्टेशनवर गेटमन नंबर दिल्याशिवाय बोलत नसे.

साचेवाल्याचा_पोरगा

काका तुमच्या मागे अख्खी रेल्वे उभी होती, नियमाचं पुस्तक होतं, नंबर न दिला तर चार्जशीट होती. याच्या मागे काय आहे, साडू?

धुळेकर_सध्या_पुणे

मघाशी जरा लॅपटॉपी बोललो, मान्य. पण नानांवरून एक आठवलं. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर दोरी असते, कुठल्याही कामगाराला गडबड दिसली की ओढायची, मग टीम लीडर धावत येतो, जागेवर सुटलं नाही तर लाइन थांबते. आणि आल्यावर त्याने आधी काय झालं विचारायचं, कोणी केलं ते नाही. यातली गोम अशी की दोरी ओढल्यावर एकदा जरी कोणी शिव्या खाल्ल्या तर परत ती दोरी कोणी ओढत नाही. नाना आकडे खोटे का भरतात ते तू त्यांना कधी विचारलं का? कामचुकार असते तर इतकी वर्षं लाइन एकवर टिकले नसते.

रात्रपाळी_जळगाव

मंडळी, अठरा दिवसांनी येतोय, सॉरी. सीझन संपता संपता जीव घेतो. सगळ्यांचं वाचलं, काही केलं, काही नाही जमलं, सांगतो.

आधी नाना. धुळेकर दादाने विचारलं तो प्रश्न मी खरंच कधी विचारला नव्हता. शीट घेऊन गेलो असतो तर बोलले नसते म्हणून शिफ्ट सुटल्यावर गेटवर चहाला बसवलं, सोबत कचोरी घेतली, आणि म्हटलं नाना तुम्ही मला शिकवलं तेव्हा तर दर तुकडा तोलायला लावायचे, मग आता का नाही. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, तू यायच्या आधीची गोष्ट आहे, तेव्हा मी खरं लिहायचो. एका महिन्यात मिक्सिंग बिघडलेलं होतं, वजन वर-खाली व्हायचं, मी जसंच्या तसं लिहिलं. महिनाअखेर तेव्हाच्या इनचार्जने तीच शीट पुढे केली आणि रिजेक्शन माझ्या नावावर टाकलं, इन्सेंटिव्ह कापला. ‘जे लिहिलं ते माझ्याच अंगावर आलं. न लिहिणारे सुटले.’ असं म्हणून कचोरी अर्धी तशीच ठेवून उठले.

मला काही सुचलंच नाही. भुसावळच्या काकांचं लिहून घ्या, लिहून घ्या मी पहिल्याच दिवशी चालू केलं होतं आणि सगळ्यांत जास्त तोंड वाकडं नानांनीच केलं होतं, ते का ते तेव्हा कळलं.

आता मी असं करतो, दर दोन तासांनी फिरताना नानांच्या आकड्याशेजारी माझी सही. वजन बाहेर असलं तरी सही. म्हणजे ते मला माहिती होतं आणि जबाबदारी माझीपण. पहिल्या आठवड्यात आकडे तसेच एकसारखे, मी काही बोललो नाही. परवा पहिल्यांदा एक आकडा जास्तीचा लिहिलेला दिसला, वेळ १.३०. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘माल ओलसर वाटतो.’ मिक्सरवर जाऊन बघितलं तर खरंच हॉट मिक्सर टेंपरेचर पूर्ण व्हायच्या आधीच माल सोडत होता मिक्सरवाला, लवकर झोपायला. एवढं एका ओळीत कळलं. बाकी रात्री अजून पण कधीकधी पाचलाच भरतात, खोटं बोलत नाही.

ताई, तुमचं हात न घालायचं मी केलं. फार वाईट असतं हो. गेल्या मंगळवारी सव्वाएकला परत लाईट गेली. यावेळी सगळ्यांना जागा माहिती होत्या, दहा दिवस म्हणवून घेतलेल्या, हसत हसत का होईना. मी तिन्ही लाइनच्या मधे टॉर्च घेऊन उभा. लाइन दोनचा पोरगा पर्जिंगचा (बॅरल साफ करून काढायचा) माल शोधायला तीन पावलं चुकीकडे गेला, माझे पाय आपोआप निघाले, मग स्वतःलाच म्हटलं थांब. ‘डावीकडे, निळं पिंप’ एवढंच ओरडलो. चाळीस मिनिटांनी लाईट आली. लाइन तीनची डाय तरी उतरवावी लागलीच, पण दोन तासांत बसली, कारण पितळी पट्ट्या आणि पाने आधीच काढून ठेवलेले होते आणि बाकी दोन लाइन तोपर्यंत चालू झालेल्या. त्या दोन तासांत मी एकदाही हातमोजे घातले नाहीत. सकाळी हात स्वच्छ बघून मलाच कसंतरी झालं, जणू काही कामच केलं नाही.

साचेवाला भाऊ, पगारपत्रक बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, मार्चपासून ओव्हरटाइमचा कॉलम शून्य, हातात फेब्रुवारीपेक्षा अकराशे कमी. बायकोला अजून सांगितलं नाही. साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या, लेखी दिल्या, की शिफ्टमधल्या एक दिवसाच्या रजा मी मंजूर करणार आणि लाइनवर कोण हे मी ठरवणार, आणि माझ्या तासांचं काय ते स्पष्ट करा. रजेचं तोंडी हो म्हणाले. लाइनचं ‘बघू’. तासांवर काहीच बोलले नाहीत, कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. लेखी उत्तर आलेलं नाही, आठवण करणार आहे सोमवारी.

साचेवाल्याचा_पोरगा

पोच घेतली का कागदाची? एक प्रत सहीनिशी तुझ्याकडे पाहिजे. ड्रॉवरमधला कागद म्हणजे दिलाच नाही असं धर.

रात्रपाळी_जळगाव

नाही घेतली. सोमवारी मेल पण करतो, त्याची तरी तारीख राहील.

केळीवाली_ताई_रावेर

अहो भाऊ सगळं सांगितलं आणि मुख्य गाळलं. साडूच्या भावाचं काय केलं?

रात्रपाळी_जळगाव

ताई मला वाटलं कोणी विचारणार नाही.

तुमचं ऐकून आधीच सांगून ठेवलं त्याला, एकट्याला, सायकल स्टँडजवळ. की ड्यूटीवर मोबाईल सापडला तर लॉकरला जमा, आणि पहिला तू सापडलास तर पहिला तूच. मान डोलावली. तिसऱ्याच रात्री ग्राइंडरच्या मागे पोत्यांवर बसून रील बघताना सापडला, कानात इअरफोन, ग्राइंडर चालू. मशीन बंद करून टाकीपाशी नेला, मोबाईल घेतला, आणि ग्राइंडरजवळ कानात काही घालून बसलास तर हात जाईल रे बाबा एवढंच बोललो, आवाज पण चढवला नाही.

कारखान्यात कामच झालं. दुसऱ्या दिवशी मिक्सरवाल्याने स्वतःहून मोबाईल लॉकरला ठेवला. नाना लांबून बघत होते, काही बोलले नाहीत पण त्या रात्री दोन वाजता एक कप चहा माझ्यासाठी पाठवला त्यांनी.

घरी मात्र मेव्हणीचा फोन आलाच. बायकोने माझ्यासमोर स्पीकरवर ठेवला. मी म्हटलं तुम्ही एकदा रात्री येऊन ग्राइंडरचा आवाज ऐका मग बोलू. फोन कट. आज चौथा दिवस आहे, डब्यात भाकरी-ठेचा चालू आहे. बायको म्हणते, रविवारी तिच्या बहिणीकडे वरणबट्टीला बोलावलंय, तुला यायचं तर ये.

केळीवाली_ताई_रावेर

जा. आणि बट्ट्या चुरायला तुम्हीच बसा, तिथे हात घाला खुशाल.